आभाराची लय



सर आम्हाला शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. संध्याकाळी तबला घेऊन बसायचे. आणि रविवारी सकाळी आम्हा चार-पाच मुलांना घरी बोलावून तबकड्या ऐकवायचे. या ऐकण्याला त्यांनी एक नियम घातला होता. तबकडीचं वेष्टण आधी दाखवायचं नाही. कोण वाजवतंय, कुठलं आहे, किती नावाजलेलं आहे, काही सांगायचं नाही. आधी कानांनी ओळख करून घ्या, नाव मागाहून.

अशाच एका रविवारी पोह्यांच्या बशा बाजूला झाल्या आणि सरांनी सुई ठेवली. खाली एक खर्ज घुमायला लागला, तंबोरा धरून ठेवावा तसा, हलायला तयार नसलेला. त्याच्या अंगाने कुणीतरी चामड्यावर बोटांनी थापा देत होतं. आणि मग वर एक वाद्य बोलू लागलं. मी तेव्हा पेटी शिकत होते. पट्टी दाबली की स्वर कसा एकदम उभा राहतो, त्याला वाकवता येत नाही, हे माझ्या बोटांना ठाऊक होतं. म्हणून मी म्हटलं, ‘सर, हे कुणीतरी पट्ट्यांचं वाद्य वाजवतंय, आणि त्याला मींड हवी आहे, पण मिळत नाहीये.’ सर बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी वेष्टण उलटून दाखवलं. डेव्ह ब्रूबेक क्वार्टेट, ‘जॅझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया’, कोलंबिया कंपनी, १९५८. ‘हा माणूस मुंबईत येऊन गेलाय,’ सर म्हणाले.

आजचं व्याख्यान या एकाच तबकडीवर आहे. तिच्यात सहा रचना आहेत, सहाही ब्रूबेकच्या स्वतःच्या. वाजवणारे चौघं. पियानोवर स्वतः ब्रूबेक, अल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेसमंड, बासवर जो बेंजामिन आणि ड्रम्सवर जो मोरेलो.

‘स्वतःच्या’ या शब्दावर थोडं थांबते, कारण त्यात एक जोखीम होती. जॅझ वाजवणाऱ्यांची बहुतेक शिदोरी दुसऱ्यांच्या गाण्यांची असते. ब्रॉडवेच्या नाटकांतली, हॉलिवूडच्या चित्रपटांतली, एका पिढीच्या तोंडी बसलेली गाणी. त्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. त्यांतल्या पुष्कळ गाण्यांचा साचा बत्तीस मापांचा असतो. आठ मापांचं एक कडवं, तेच पुन्हा, मग आठ मापं वेगळी आणि शेवटी पहिलं कडवं. हे बत्तीस मापांचं चाक फिरत राहतं आणि त्यावर प्रत्येकजण आपापली उपज करतो. आपल्याकडे आवर्तनावर उपज होते, तिथं चाकात स्वरांचे समूहही ठरलेले असतात, एवढा फरक सोडला तर ही गोष्ट आपल्याला परकी नाही. कधी न भेटलेले चार वादक अशा एका गाण्याच्या नावावर रात्रभर वाजवू शकतात. ऐकणाऱ्याच्याही पायाखाली ओळखीची जमीन असते.

सगळ्या रचना आपल्याच आणायच्या म्हणजे ही जमीन काढून घ्यायची. कंपन्यांना ते रुचत नसे. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, ब्रूबेकने ‘टाइम आउट’ ही तबकडी केली. तिच्यातही एकसुद्धा स्टँडर्ड नव्हतं, तालही नाचायला अवघड. कोलंबियाच्या विक्री विभागाचा तिला विरोध होता. कंपनीचे अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन पाठीशी उभे राहिले म्हणून ती निघाली. तीच पुढे जॅझमधल्या सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांपैकी एक ठरली. ‘टाइम आउट’ आज जगाला माहीत आहे. तिची मुळं जिच्यात आहेत ती ही आधीची तबकडी मात्र फारशी कुणी लावत नाही. मला ती अधिक जवळची आहे, कारण हिच्यात एक माणूस ऐकता ऐकता शिकताना दिसतो.

ब्रूबेकचा जन्म १९२० चा, कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड गावचा. आई पियानो शिकवायची, वडील गुरं सांभाळायचे. पुढे कुटुंब आयोन इथल्या मोठ्या गुरांच्या रानात राहायला गेलं. तिथं मुलाला एक काम असे. गुरांच्या पाण्यासाठी पंप चालवायचा आणि टाकी भरेपर्यंत बसून राहायचं. पंपाचं इंजिन आपल्या ठेक्यात धडधडत राही आणि हा मुलगा त्या ठेक्याच्या विरुद्ध दुसरा ठेका मनात धरून बसे. घोड्यावरून जाताना टापांवर तिसरा. ज्यांनी विहिरीवरच्या ऑईल इंजिनाची फटफट लहानपणी ऐकली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. त्या फटफटीत अधूनमधून एक ठोका गळतो, आणि कान त्याची वाट बघत बसतो. लयीचं पहिलं शिक्षण तिथं होतं.

कॉलेजात तो गेला जनावरांचा डॉक्टर व्हायला. तिथून संगीताकडे वळला. पदवीच्या वेळी प्राध्यापकांच्या लक्षात आलं की या मुलाला स्वरलिपी वाचता येत नाही. ‘मी कधी शिकवणार नाही’ असं वचन घेऊन त्याला पदवी दिली गेली. महायुद्धात सैन्यात गेला, परतल्यावर ओकलंडच्या मिल्स कॉलेजात दारिअस मियो या फ्रेंच संगीतकारापाशी शिकला. मियो ज्यू होते, १९४० मध्ये फ्रान्स सोडून अमेरिकेत आले होते. आपल्या रचनांत त्यांनी जॅझ फार आधी, १९२३ मध्येच घेतला होता. जॅझ सोडू नका, जगभर फिरा आणि कान उघडे ठेवा, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. ब्रूबेकने आपल्या थोरल्या मुलाचं नाव दारिअस ठेवलं. गुरूचं ऋण मानण्याची ही रीत आपल्याला चांगली समजते.

जगभर फिरण्याची संधी आली ती मात्र शीतयुद्धामुळे. १९५६ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं जॅझवाल्यांना सरकारी खर्चाने परदेशी पाठवू लागलं होतं. पहिला मान डिझी गिलेस्पीला मिळाला. १९५८ मध्ये ब्रूबेकची चौकडी निघाली. पोलंड, तुर्कस्तान, भारत, अफगाणिस्तान, इराण, इराक. सरकारचा हेतू उघड होता. ज्या देशांचं मन अजून कुणाकडे झुकलेलं नाही, किंवा जे पलीकडच्या गोटात आहेत, त्यांना अमेरिकेचा मोकळेपणा ऐकवायचा. याच अमेरिकेत आदल्या वर्षी, १९५७ च्या सप्टेंबरात, लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाण्यासाठी सैनिकांचा पहारा लागला होता. जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगने संतापून सरकारतर्फे रशियाला जायला नकार दिला होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि ब्रूबेकच्या चौकडीत ते दोन्ही बसलेलं होतं. प्रवासात बास वाजवणारा युजीन राइट कृष्णवर्णीय होता.

ब्रूबेकने पुढे सांगितलेली एक आठवण आहे. तो लहान असताना वडील त्याला नदीकाठी आपल्या एका कृष्णवर्णीय मित्राकडे घेऊन गेले आणि मित्राला म्हणाले, डेव्हला तुझी छाती दाखव. त्याने सदरा उघडला. गुराला देतात तसा डाग छातीवर होता. वडील एवढंच म्हणाले की अशा गोष्टी घडता कामा नयेत. म्हातारपणी ही आठवण सांगताना कॅमेऱ्यासमोर ब्रूबेकला बोलणं अशक्य झालं होतं. १९६० मध्ये दक्षिणेतल्या महाविद्यालयांत त्याचे पंचवीस कार्यक्रम ठरले होते. राइटच्या जागी गोरा वादक आणा, अशी अट बहुतेकांनी घातली. त्याने ते कार्यक्रम सोडले. तेव्हाच्या हिशेबाने ते फार मोठं नुकसान होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘दुसऱ्याचं ऐकणं’ हा शब्द आपण सहज वापरतो. या माणसाला त्याची किंमत मोजावी लागली होती.

आता पोलंड. स्टालिनच्या काळात तिथं जॅझला मज्जाव होता. लोक चोरून, रेडिओच्या घरघरीतून ऐकत. १९५६ नंतर दार जरा किलकिलं झालं. पोलंडला जाण्यासाठी कागदपत्रं हवी होती आणि ती पूर्व बर्लिनमध्ये मिळणार होती. तेव्हा भिंत अजून उभी राहिली नव्हती, पण सीमा होतीच. ब्रूबेक मोटारीत बसून ब्रँडेनबुर्ग दरवाजातून पलीकडे गेला. तबकडीवरची दुसरी रचना ‘ब्रँडेनबुर्ग गेट’ त्या फेरीची आहे, पण तिच्यात भीती शोधू नका. तिच्यात बाख आहे. एक सूर निघतो, दुसरा थोड्या अंतराने त्याच्या मागे चालू लागतो. डेसमंडचा सॅक्सोफोन आणि ब्रूबेकचा पियानो दोन शेजाऱ्यांसारखे कुंपणाच्या दोन बाजूंनी बोलतात, एकमेकांचं वाक्य न तोडता. शहर दुभंगलेलं, आणि त्यावरचं संगीत दोन आवाजांना एकत्र चालवण्याच्या जुन्या जर्मन विद्येवर उभारलेलं. याहून अधिक काही म्हणायची त्याला गरज वाटली नाही.

पोलंडमध्ये त्याने शोपँचं घर पाहिलं, त्याचे पियानो पाहिले. आणि पुढच्या गावी जाताना आगगाडीत त्याच्या मनात एक रचना तयार झाली. पोझनानला शेवटचा कार्यक्रम होता. ती रचना त्याने तिथं वाजवली. नाव ‘थँक यू’, पोलिश भाषेत ‘जेंकुये’. वाजवून झालं आणि सभागृहात शांतता पसरली. ब्रूबेकला वाटलं, संपलं. यांच्या शोपँला हात लावून मी यांचा अपमान केला. आणि मग टाळ्यांचा जो गजर झाला तो थांबेना.

ही रचना जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची आहे. पियानो शोपँच्या रात्रगीतांच्या चालीने सुरू होतो. डावा हात मोठ्या अंतरांवर पावलं टाकत जातो, उजवा गातो. पण आतली स्वरसंगती जॅझची आहे, आणि ती लपवलेली नाही. मी पेटीवर ही चाल काढायचा प्रयत्न केला होता. चाल निघते. खाली डाव्या हाताने जी हळहळ ठेवली आहे ती निघत नाही.

या प्रवासात ब्रूबेक खिशात एक छोटी वही बाळगत असे. गाडीत, विमानात, बाजाराच्या बोळात काही कानावर पडलं की टिपून ठेवी. आणि त्याला एक युक्ती सुचली होती. परक्या देशात माणूस सगळ्यात आधी कोणता शब्द शिकतो? ‘आभार’. दिवसातून पन्नास वेळा तो शब्द कानावर येतो, जिभेवर बसतो. त्या शब्दाची लय हीच त्या भाषेची पहिली ओळख. तुर्की लोक म्हणतात, ‘चोक तेशेक्कुर एदेरिम’. सात अक्षरं. मध्ये ‘शेक्कुर’ला जीभ अडते आणि पुढची अक्षरं भरभर उतरतात. ‘द गोल्डन हॉर्न’ या रचनेचा मुखडा या वाक्याच्या ठेक्यावर बांधलेला आहे. गोल्डन हॉर्न ही इस्तंबूलची खाडी. तुम्ही एकदा हे वाक्य मोठ्याने म्हणा आणि मग ती रचना ऐका. पियानो तुम्हाला तुर्कीत ‘आभारी आहे’ म्हणताना ऐकू येईल.

सरांना ही युक्ती कळली तेव्हा ते फार खूश झाले होते. बोल तोंडाने म्हणून मग हाताने वाजवायचा, हे तबलजीचं आयुष्यभराचं काम. तोंडात जे आहे तेच बोटांत उतरतं. त्यांनी आम्हाला विचारलं, ‘हा मनुष्य आपल्या गावात आला असता तर त्याने मराठीतला आभाराचा कोणता शब्द वहीत लिहिला असता?’ आम्ही सगळे गप्प झालो. ‘धन्यवाद’ आपण भाषणाच्या शेवटी म्हणतो. ‘आभारी आहे’ पत्रात लिहितो. घरात पाणी आणून देणाऱ्याला आपण काय म्हणतो? काहीच नाही. फार तर ‘ठेव इथं’. शेजारणीने डबा भरून पाठवला तर आपण डबा रिकामा परत करत नाही, त्यात काहीतरी घालून पाठवतो. आपला आभार हा शब्दात नसतो, परतलेल्या डब्यात असतो. माझ्या मते ब्रूबेकची ही संपूर्ण तबकडी म्हणजे असा परतलेला डबा आहे. ज्याने जे दिलं तेच उलट त्याच्या दारात नेऊन ठेवलेलं नाही. आपल्या घरात जे शिजतं ते त्यात घातलं आहे.

इस्तंबूलमध्ये त्याला आणखी एक गोष्ट मिळाली. रस्त्यावरचे वादक नऊ मात्रांत वाजवत होते, पण तीन-तीन-तीन असे नव्हे. दोन, दोन, दोन, तीन. तक तक तक तकिट. ब्रूबेकला हा हिशेब नवा होता, तिथल्या वादकांना तो श्वासासारखा होता. पुढच्या वर्षी त्यातून ‘टाइम आउट’मधलं ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ झालं. आपण एकदा हाताने धरून बघू. तक तक तक तकिट, तक तक तक तकिट, तक तक तक तकिट, आणि चौथ्या वेळी तकिट तकिट तकिट. मागच्या रांगेनेही धरा. बरोबर. तीनदा लंगडायचं आणि चौथ्यांदा सरळ चालायचं, असं ते चक्र आहे. झपताल आणि रूपक ज्यांच्या हातात आहेत त्यांना दोन-तीनच्या या जोडण्या सोप्या वाटतील. पण आपल्या तालात सम हे घर असतं, सगळे तिथं परतायला धडपडतात. या चक्रात घर नाही, धाव आहे. आणि मग एकाएकी ती धाव थांबते, साधा चार मात्रांचा ब्लूज सुरू होतो आणि डेसमंड असा निवांत वाजवू लागतो की जणू काही घडलंच नव्हतं. पाच मात्रांचं जगप्रसिद्ध ‘टेक फाइव्ह’ त्याच तबकडीतलं, पण ते ब्रूबेकचं नव्हे, डेसमंडचं. हे दरवेळी सांगावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. १९५८ च्या उन्हाळ्यात ही मंडळी भारतात होती. राजकोट, दिल्ली, हैदराबाद, मुंबई, मद्रास, कलकत्ता. मुंबईला जॅझ नवा नव्हता. तीसच्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे संच वाजत होते. टेडी वेदरफर्डसारखा पियानिस्ट तिथं राहून गेला होता. त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक तयार झाले. आंतोनियो शाव्हिएर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत, तो ट्रंपेटवाला त्यांच्यातलाच. हेच वादक दिवसा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसत. म्हणजे ज्या शहरात ब्रूबेक उतरला त्या शहराचे कान तयार होते. आपण ज्यांना सिनेमाची गाणी म्हणून मनात जपलं, त्यांच्या मधल्या जागा या गोव्याच्या माणसांनी भरल्या आहेत. त्यांच्यावर या मंचावरून एक वेगळं व्याख्यान व्हायला हवं, आणि मी ते आग्रहाने मागते आहे.

मुंबईत ब्रूबेकची गाठ पडली ती सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी. व्ही. शांतारामांच्या ‘झनक झनक पायल बाजे’त ज्यांची सतार आहे तेच हे. दोघांनी एकत्र बसून वाजवलं. मद्रासला पळनी सुब्रमण्य पिळ्ळै या थोर मृदंगवादकाबरोबर जो मोरेलोची बैठक झाली. मोरेलोची दृष्टी लहानपणापासून अधू होती, सुरुवात त्याने व्हायोलिनने केली होती. मृदंगावर दोन हातांच्या दहा बोटांतून निघणारी बोली त्याने जवळून ऐकली. त्या रविवारी सरांनी लावलेली रचना होती ‘कॅलकटा ब्लूज’, आणि तिच्यात काड्या बाजूला ठेवून चामड्याला बोटं लावणारा मोरेलो मला त्या बैठकीतून आलेला वाटतो.

आणि इथं मी माझ्या लहानपणीच्या त्या वाक्यापाशी परत येते. त्याला मींड हवी आहे, पण मिळत नाहीये.

ब्रूबेक आला त्या वर्षी आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. १९४० पासून होती, उठायला १९७१ उजाडलं. कारण असं दिलं जाई की पट्ट्यांच्या वाद्यात श्रुती नाहीत, मींड नाही, आपल्या गाण्याला ते वाद्य बिघडवतं. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी पेटीला बोलायला लावलं, जिथं नाट्यसंगीत पेटीवाचून उभंच राहिलं नसतं, तिथल्या माणसांना हे किती लागलं असेल ते इथं बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नको. पेटी वाजवणारी म्हणून मी हा सल आजही बाळगून आहे. पण आक्षेपात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये जो स्वर राहतो तो आम्हाला मिळत नाही. आम्ही तो सुचवतो. भात्याचा दाब कमी-जास्त करून, शेजारच्या पट्टीला ओझरता स्पर्श करून ऐकणाऱ्याला तो भासवतो.

पियानोला तर भाताही नाही. ठोका पडला की स्वर विझायला लागतो. अशा वाद्यावर रागाचा आव आणला असता तर ते हसू झालं असतं. ब्रूबेकने राग वाजवलाच नाही. त्याने आपल्या घरात पाहिलं की मींडेच्या सर्वांत जवळचं आपल्याकडे काय आहे. ते होतं ब्लूज. ब्लूज गाणारा तिसरा, पाचवा, सातवा स्वर किंचित खाली ओढतो, दोन स्वरांच्या मधल्या जागेत ठेवतो. आणि शंभर वर्षांपासून ब्लूजचे पियानोवाले त्या जागेसाठी झगडत आले आहेत. दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबायच्या, किंवा एकीवरून बोट दुसरीवर घसरवायचं, आणि त्या घर्षणातून मधला स्वर भासवायचा. पेटीवाल्याची आणि ब्लूजवाल्याची अडचण एकच, आणि तोडही जवळजवळ एकच. म्हणून खाली तंबोऱ्यासारखा धरलेला खर्ज, आणि वर ब्लूज. नावही तेच सांगतं. त्याने ‘कॅलकटा राग’ असं नाव दिलं नाही.

दहा मिनिटांची ती रचना निर्दोष आहे असं मला म्हणायचं नाही. मध्ये तो जड होतो. ब्रूबेकचा हात जड आहे, ठोकळे रचावेत तसे तो दोन्ही हातांनी स्वरसमूह रचत जातो, ही टीका तेव्हापासून होत आली आहे आणि ती खोटी नाही. खर्जावर थांबून राहण्याचा धीर आपल्या गायकाला असतो तेवढा त्याला नाही. त्याला काहीतरी घडवायचंच असतं. आलापात काही घडत नसतं आणि तरी सगळं घडत असतं, ते त्याच्या हातून सुटलं. पण पट्ट्यांशी झगडून मधला स्वर शोधणारा तो उजवा हात मी जेव्हा ऐकते, तेव्हा हा माणूस माझ्या पंगतीला बसलेला आहे असं मला वाटतं.

‘मार्बल आर्च’वर मी बोलत नाही. लंडनचं हसरं चित्र आहे, छान आहे, एवढंच. पण ‘नोमॅड’बद्दल सांगायलाच हवं, कारण तबकडी तिथून सुरू होते. काबूलमध्ये रात्री भटक्यांचे तांडे उंट घेऊन शहरातून जात. रस्त्यावरची कुत्री अंगावर येऊ नयेत म्हणून ढोल बडवत जात. ब्रूबेकने ते अंधारात ऐकलं. मोरेलोचे ढोल आणि त्यावरून एकटाच चाललेला डेसमंडचा सूर, हा त्या रचनेचा गाभा आहे. संगीत म्हणून नव्हे तर कुत्री हाकलण्यासाठी वाजवलेला ढोल एका माणसाने संगीत म्हणून ऐकला. त्या तांड्यातल्या कुणालाही ते कधी कळलं नसेल.

परतल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये तबकडी ध्वनिमुद्रित झाली. ज्या राइटने सगळा प्रवास केला तो नेमका तिच्यावर नाही, बेंजामिन आहे. बेंजामिन उत्तम वाजवतो. तरी प्रत्येक वेळी मला राइटची आठवण होते. ज्याने तो खर्ज त्या त्या गावी धरला होता, त्याचा हात यात असायला हवा होता.

ब्रूबेक २०१२ च्या ५ डिसेंबरला गेला, ब्याण्णव पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना. सरांना जाऊन त्याहून अधिक वर्षं झाली. आमच्यापैकी कुणीही त्यांना कधी ‘थँक यू’ म्हटलं नाही. त्या घरात तो शब्द विचित्र वाटला असता.

सरांच्या मुलीने आज ती तबकडी आणली आहे, तीच, रविवारची. वक्त्याच्या वेळेतली साडेतीन मिनिटं मी राखून ठेवली आहेत. दुसऱ्या बाजूची पहिली रचना लावू या. सुरुवातीला एक चरा आहे, तेवढा सांभाळून घ्या. मागचे दिवे बंद केले तर बरं होईल.